भरल्या टाकीत सिक्लिड सोडताना

गोव्यात कुणी तळलेला कालुंदर खाल्ला असेल, कुणी उजनीच्या बाजूला चिलापीचं कालवण ओरपलं असेल. सिक्लिड कुळाशी मराठी माणसाची ओळख अशी ताटातूनच झालेली असते. कालुंदर म्हणजे केरळचा करिमीन. २०१० मध्ये केरळने त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला. चिलापी मूळचा आफ्रिकेतला. १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला आणि पुढे धरणाधरणांत पसरला. दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत फिरणारे एंजल, ऑस्कर, डिस्कस आणि फ्लॉवरहॉर्न हे या दोघांचेच भाऊबंद. नोंद झालेल्या जातीच सतराशेच्या वर आहेत. एकट्या टांगानिका सरोवरात शंखाच्या रिकाम्या कवचात संसार करणारे तीन-चार सेंटिमीटरचे सिक्लिड आहेत आणि दोन फुटी शिकारीही आहेत. त्यामुळे ‘आमच्या टाकीत सिक्लिड चालेल का?’ या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. कुठला सिक्लिड आणि कुठली टाकी, हे आधी ठरवावं लागतं.

हा प्रश्न बहुधा टाकी घेतल्यावर वर्ष-दीड वर्षाने पडतो. तोवर टाकी सेट झालेली असते. पाणी काचेसारखं राहतं, झाडं धरलेली असतात. वरच्या थरात गप्पी-प्लॅटी, मध्ये टेट्रांचा थवा, तळाशी वाळू हुंगत फिरणारे कोरीडोरास आणि काचेला चिकटलेला एखादा सकर असा परिवार गुण्यागोविंदाने नांदत असतो. सगळं नीट चाललेलं असतं, पण थोडं सपकही वाटू लागतं. मग माणसाकडे टक लावून बघणारा, खाणं देणाऱ्याला ओळखणारा, काहीतरी स्वभाव असलेला मासा हवासा वाटतो. दुकानात गेलं की असा मासा दिसतो तो सिक्लिडच. दुकानदाराला विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘चालेल ना, शांत आहे.’

दुकानदार दर वेळी खोटं बोलतो असं नाही. त्याच्या टाकीत तो मासा खरंच शांत असतो. वय लहान, आजूबाजूला शंभर भाऊबंद, लपायला जागा नाही आणि राखायला हद्द नाही. घरच्या टाकीत यातलं सगळं बदलतं. जागा मिळते, गुहा मिळते, पोटभर खाणं मिळतं आणि चार-सहा महिन्यांत जोडी जुळते. सिक्लिडचा स्वभाव कळतो तो तेव्हापासून.

अंडी घालून निघून जाणाऱ्या माशांपैकी हे कुळ नाही. अंडी राखणं, त्यांना पंखांनी वारा घालणं, पिल्लं तोंडात उचलून रात्री खड्ड्यात नेऊन ठेवणं हे सगळं सिक्लिड करतात. काही जाती तर अंडी-पिल्लं तोंडातच वाढवतात. पिल्लांची इतकी काळजी घेणारा मासा शेजाऱ्यांना पिल्लांजवळ फिरकू देणार नाही, हे ओघानेच आलं. म्हणून जात निवडताना ‘हा शांत आहे का?’ असं विचारू नये. ‘अंडी घातल्यावर हा किती जागा अडवेल, आणि तेवढी जागा सोडून बाकीच्यांना राहता येईल का?’ हे विचारावं. निवडीचं जवळपास सगळं गणित या एका प्रश्नावर सुटतं.

गणितातला पहिला आकडा टाकीच्या लांबीचा. आपल्याकडे टाक्या फुटांत मोजतात. २४ बाय १२ बाय १५ इंचांची दोन फुटी टाकी जेमतेम ७० लिटरची. ३६ बाय १५ बाय १८ ची तीन फुटी साधारण १६० लिटरची आणि ४८ बाय १८ बाय १८ ची चार फुटी अडीचशे लिटरच्या आसपास. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी याहून कमी भरतं. पण सिक्लिडच्या बाबतीत लिटरपेक्षा तळाचं क्षेत्रफळ महत्त्वाचं, कारण बहुतेक जाती हद्द आखतात ती तळावर. दोन फुटी टाकीत एका बुटक्या सिक्लिडच्या जोडीने अर्धा तळ घेतला, तर कोरीडोरासना जायला जागा उरत नाही. उंच, अरुंद, शोभेच्या टाक्या म्हणूनच सिक्लिडसाठी वाईट. तीन फुटांपासून पुढे मात्र खरी निवड करता येते.

दुसरा आकडा पाण्याचा. मुंबई-पुण्याला धरणाचं पाणी येतं, ते हलकं असतं. दख्खनच्या काळ्या कातळातून उपसलेलं बोअरचं पाणी बहुधा जड. त्याला प्रयोगशाळा लागत नाही: साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो आणि टाकीच्या हीटरवर पांढरा थर धरतो. दक्षिण अमेरिकेतले बहुतेक सिक्लिड हलक्या, किंचित आंबट पाण्यातले; आफ्रिकेच्या मलावी आणि टांगानिका सरोवरांतले जड, अल्कधर्मी पाण्यातले. मलावीचा पीएच साधारण ७.७ ते ८.६ च्या दरम्यान असतो, तर रॅम या दक्षिण अमेरिकी बुटक्या सिक्लिडच्या मूळ ओढ्यांत तो बऱ्याचदा सहाच्याही खाली. हौसेपायी पाणी बदलायला जाण्यापेक्षा नळाला येतं त्या पाण्यात सुखाने राहील असा मासा घेणं केव्हाही स्वस्त पडतं. आरओचं पाणी वापरायचंच असेल तर ते नुसतं टाकू नये. त्यात क्षार नसल्याने पीएच कधी घसरेल याचा नेम नसतो. बोअरच्या पाण्यात मिसळून वापरावं आणि प्रत्येक वेळी प्रमाण तेच ठेवावं.

तिसरा आकडा तापमानाचा आणि हाच सर्वांत जास्त विसरला जातो. जानेवारीत पुण्या-नाशकात हीटर नसलेल्या टाकीचं पाणी २० अंशांच्या खाली जातं. मे महिन्यात विदर्भात तेच ३२ च्या वर चढतं. जुन्या रहिवाशांना काय मानवतं आणि नव्या पाहुण्याला काय लागतं, हे जुळलं पाहिजे. सगळ्यांना माहीत असलेला निऑन टेट्रा २२ ते २५ अंशांत खूश असतो. जर्मन ब्लू रॅमला २७ ते ३० लागतात. दोघांना एकत्र ठेवलं तर दोघांपैकी एक कायम आजारपणाच्या काठावर. रॅम हवाच असेल तर निऑनऐवजी कार्डिनल टेट्रा घ्यावा. दिसायला सख्खा भाऊ, पण उबदार पाण्यात टिकणारा. कोरीडोरासमध्येही असाच फरक आहे. बाजारात सर्रास मिळणारा पेपर्ड कोरी थंड पाण्यातला, तर स्टर्बाय कोरी उष्णता सोसणारा.

आता प्रत्यक्ष उमेदवार. सर्वांत जास्त विकला जाणारा आणि सर्वांत जास्त गैरसमज असलेला म्हणजे एंजल. तो सिक्लिड आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. दुकानात रुपयाच्या नाण्याएवढा दिसणारा हा मासा वर्षभरात तळहाताएवढा होतो, आणि वरच्या-खालच्या पंखांसकट त्याची उंची २० सेंटिमीटरच्या पुढे जाते. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात पाण्यात बुडालेल्या झाडांच्या मुळांमधून वाट काढायची म्हणून त्याचं अंग असं चपटं आणि उभं. त्यामुळे त्याला १८ इंच उंचीची टाकी लागतेच. थोराड टेट्रांच्या थव्यात तो शोभतो, पण त्याच्या तोंडात मावेल तो मासा त्याचं खाणं आहे. छोट्या निऑनचा थवा महिन्याला एक-दोनने कमी होत असेल आणि टाकीत कुठे मेलेला मासा सापडत नसेल, तर रात्री एंजल काय करतो ते वेगळं सांगायला नको. उलटीही बाजू आहे: टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा एंजलच्या लांब पंखांचे लचके तोडतात. रमीनोज, लेमन किंवा पूर्ण वाढलेले कार्डिनल हे त्याचे बरे सोबती.

एंजल जोडीने विकत मिळत नाहीत. मिळाले तरी नर-मादी ओळखणं अवघडच. पाच-सहा लहान घ्यावेत, वाढू द्यावेत. सात-आठ महिन्यांनी दोघं वेगळी पडतात. एखाद्या सकाळी ती दोघं टाकीतल्या रुंद पानाच्या झाडाशी दिसतात. एक जण पानावर तोंडाने वरून खाली घासत जातो, दुसरा मागोमाग तेच करतो; शेवाळाचा कण राहिला तर परत येऊन तो टिपतो. पान नसेल तर फिल्टरची नळी किंवा हीटरची काचही चालते. पान चकचकीत झालं की मादी सरळ रेषेत मोत्यांसारखी अंडी चिकटवत जाते. त्या दिवसापासून टाकीचा मधला भाग त्या दोघांचा. बाकीचे एंजल एका कोपऱ्यात गठ्ठ्याने उभे राहतात. ते तिथून काढून दुसरीकडे द्यायची तयारी आधीच असली पाहिजे. चार फुटी टाकी असेल तर टेट्रा-कोरींचं फारसं बिघडत नाही. दोन फुटी असेल तर सगळ्यांचंच बिघडतं.

ज्यांच्या टाकीत एंजल मावत नाही त्यांच्यासाठी बुटके सिक्लिड आहेत आणि खरं तर जुन्या कम्युनिटी, म्हणजे मिश्र माशांच्या टाकीसाठी उत्तम निवड यांच्यातच आहे. त्यांत सर्वांत देखणा रॅम. व्हेनेझुएला-कोलंबियाच्या गवताळ मैदानांतला हा पाच-सहा सेंटिमीटरचा मासा भांडकुदळ नाही, पण नाजूक आहे. नव्या टाकीत तो महिनाभरही टिकत नाही. सेट झालेल्या, नायट्रेट कमी असलेल्या टाकीत दोन-तीन वर्षं राहतो. म्हणजे जुनी टाकी ही इथे अडचण न ठरता पात्रता ठरते. मादीचं पोट गुलाबी असतं आणि अंगावरच्या काळ्या ठिपक्यात निळे चमकते खवले दिसतात. नराचा ठिपका निखळ काळा. एवढं पाहून जोडी निवडता येते.

रॅमचाच चुलतभाऊ, बोलिव्हियन रॅम, दुकानात मातकट दिसतो म्हणून मागे राहतो. खरेदी करणाऱ्याने मात्र त्याच्याकडे आधी पाहावं. आठ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, २३ ते २६ अंशांत मजेत राहतो, पाण्याबाबत कटकट करत नाही. निऑन, कोरी, प्लॅटी यांच्यातलं कुणीच त्याच्यासाठी बदलावं लागत नाही. तळाला बारीक वाळू हवी, कारण वाळूचा घास तोंडात घेऊन तो कल्ल्यांतून गाळत बसतो. मोठ्या खड्यांच्या ग्रॅव्हलवर त्याची ही सवयच मारली जाते. सेट झालेल्या तीन फुटी टाकीत पहिला सिक्लिड कोणता, याचं एकच नाव द्यायचं तर ते हेच.

क्रिबेन्सिसची गोष्ट वेगळी. हा नायजेरिया आणि कॅमेरूनच्या किनारी ओढ्यांतला, काटक, स्वस्त, जड-हलक्या दोन्ही पाण्यांत रुळणारा. सिक्लिडमध्ये पुढाकार बहुतेक नराचा असतो. इथे मादी नखरे करते. पोट जांभळट लाल झालेली मादी नरासमोर कमानीसारखी वाकते आणि अंग थरथरवते. मग दोघं नारळाच्या करवंटीखाली वाळू उपसायला लागतात. तोंड भरून आत जायचं, बाहेर येऊन वाळू थुंकायची, पुन्हा आत. थोड्या दिवसांनी मादी दिसेनाशी होते आणि नवखा माणूस ती मेली असं समजून करवंटी उचलून बघतो. तेवढं करू नये. आठ-दहा दिवसांत आई-बाप पिल्लांचा ढग घेऊन बाहेर येतात, आणि त्यानंतर सात सेंटिमीटरचा हा मासा आपल्या तिप्पट आकाराच्या सकरला काचेवरून पळवून लावतो.

या संसाराची झळ बसते ती कोरीडोरासला. टेट्रांना एकदा हुसकावलं की ते वर निघून जातात; इशारा त्यांना कळतो. कोरीला तो कळत नाही. अंगावर चिलखत, मिशांनी हुंगत चालायची सवय आणि रात्री फिरायची आवड, यामुळे तो पुन्हा पुन्हा पिल्लांच्या दिशेने जातो, चावे खातो आणि कधी मिशा तर कधी डोळा गमावतो. कोरींचा थवा असेल तर क्रिबेन्सिसची जोडी आणू नये. एकटा नर किंवा एकटी मादी आणावी. रंग तसेच खुलतात, युद्ध होत नाही. जोडीच हवी असेल तर तीन फुटांच्या वर टाकी, करवंटी एका टोकाला, आणि कोरींचं खाणं रोज दुसऱ्या टोकाला.

एपिस्टोग्रामाच्या अनेक जाती आहेत. त्यांत काकाटुऑयडीस सर्वांत सोशिक. इथे एक नर आणि दोन-तीन माद्या असा हिशेब असतो. प्रत्येक मादीला स्वतःची गुहा लागते, नाहीतर माद्याच एकमेकींचा जीव घेतात. पिल्लं झालेली मादी लिंबासारखी पिवळीधमक होते आणि नरालासुद्धा जवळ येऊ देत नाही. देशी बदामाची वाळलेली पानं तळावर पसरली तर लपायला आडोसा होतो आणि पाण्याला हलका चहासारखा रंग येऊन ते थोडं आंबटही होतं. पानं झाडावरून गळलेली, कीटकनाशक न मारलेली घ्यावीत. कीहोल सिक्लिड मिळाला तर घ्यावा. सिक्लिडमध्ये इतका भिडस्त मासा विरळा. पण तो दुकानात रोज दिसत नाही.

मोठ्या सिक्लिडांबद्दल थोडक्यात. ऑस्कर एक फुटापर्यंत वाढतो आणि लहान वयात दर महिन्याला दोन-तीन सेंटिमीटरने वाढतो. पाच सेंटिमीटरचं गोजिरवाणं पिल्लू टेट्रांच्या टाकीत सोडणाऱ्याने सहा महिन्यांनी टेट्रा मोजून बघावेत. कन्व्हिक्ट चार इंचाचाच, पण कुठेही, कशाही पाण्यात अंडी घालतो आणि मग अख्खी टाकी एका कोपऱ्यात कोंडून ठेवतो. जॅक डेम्प्सी हे नाव एका अमेरिकन मुष्टियोद्ध्यावरून पडलं, यावरून काय ते समजावं. फायरमाउथचा बराचसा पवित्रा गळा फुगवून भीती दाखवण्याचा, तरी छोट्या माशांत तो नको. सेव्हेरम आठ इंची, पण स्वभावाने सौम्य. चार फुटी टाकीत मोठ्या टेट्रांबरोबर राहू शकतो, मात्र झाडं खाऊन टाकतो. डिस्कसला २८ ते ३० अंश तापमान, पाच-सहांचा गट आणि शांतता लागते. एंजलबरोबर तर तो ठेवूच नये, कारण खाण्याच्या वेळी एंजल त्याच्यापर्यंत काही पोचू देत नाही.

फ्लॉवरहॉर्न हा निसर्गातला मासाच नव्हे. १९९० च्या दशकात मलेशियात संकर करून घडवलेला. डोक्यावरचा उंचवटा आणि अंगावरच्या अक्षरांसारख्या काळ्या खुणा यांमुळे तो ‘लकी’ म्हणून खपतो. त्याच्याबरोबर ठेवलेल्या माशाचं नशीब मात्र फार दिवस टिकत नाही. तो एकट्यानेच ठेवायचा. तैवानमध्ये घडवलेला ब्लड पॅरट त्या मानाने गरीब. त्याचं तोंड पूर्ण मिटतच नाही. घशात दुसरा जबडा असतो, सगळ्याच सिक्लिडांना असतो, त्यावर तो खाणं चिरडतो. मध्यम आकाराच्या माशांत तो चालतो, पण रंग टोचून जांभळे-निळे केलेले पॅरट घेऊ नयेत. तो रंग टिकत नाही आणि बऱ्याचदा मासाही टिकत नाही.

मग आफ्रिकन. दुकानात ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून एकाच टाकीत पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे गर्दी करून फिरत असतात आणि कम्युनिटी टाकीला रंग येईल म्हणून लोक त्यांतले दोन उचलून आणतात. हे बहुधा मलावी सरोवरातले, त्यातही कातळावर राहणारे म्बुना. यांचं पाणी वेगळं, खाणं वेगळं, भांडणाची रीतही वेगळी. ते दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे; ब्लडवर्मसारखं प्रथिनांनी भरलेलं खाणं रोज दिलं तर पोट फुगून मरतात. हद्दीचं भांडण इतकं तिखट की त्यांना मुद्दाम गर्दीत, एका नरामागे तीन-चार माद्या या प्रमाणात ठेवतात, म्हणजे मार एकावर न पडता वाटला जातो. टेट्रा-गप्पींच्या टाकीत दोन म्बुना सोडणं म्हणजे ही सगळी भांडणं गप्पींच्या अंगावर घालणं. इलेक्ट्रिक यलो त्यांत मवाळ खरा, पण मवाळ म्बुनांच्या मानाने. हा बेत करायचा तर स्वतंत्र चार फुटी टाकी, दगडांचा ढीग आणि जड पाणी घेऊन करावा. बोअरच्या पाण्याला वैतागलेल्या छत्रपती संभाजीनगर-लातूरकडच्या हौशींना हे पाणी मुद्दाम जड करत बसावं लागत नाही, ही त्यांची जमेची बाजू.

बोअरचं पाणी आणि मॉली-प्लॅटींची जुनी टाकी असेल तर आणखी एक नाव आहे, ते आपल्याच देशातलं. ऑरेंज क्रोमाइड हा दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या किनारी खाड्यांतला आठ सेंटिमीटरचा, हळदीच्या रंगाचा सिक्लिड. जड, किंचित खारट पाणीही त्याला मानवतं आणि मॉलीलाही. निसर्गात तो कालुंदराच्या शेजारी राहतो, त्याच्या अंगावरचे परजीवी आणि बुरशी टिपून खातो, आणि संधी मिळाली तर त्याची अंडीही खातो. पाच-सहांच्या गटात ठेवला तर धीट होतो. देशी म्हणून दुकानदार त्याला मागच्या टाकीत ठेवतात, तिथे तो फिकट पडलेला असतो. पंधरा दिवसांत रंग धरतो. हलक्या पाण्यातल्या टेट्रांबरोबर मात्र तो नको.

जुन्या रहिवाशांचा सिक्लिडलाही उपयोग असतो, हे सहसा लक्षात येत नाही. वरच्या थरात टेट्रांचा थवा निवांत फिरत असेल तर खाली लपलेला बुजरा रॅम धोका नाही असं समजून बाहेर येतो. टेट्रा काढून घेतले तर तोच मासा दिवसभर झाडामागे बसतो. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोन्राड लोरेन्झ यांनी आक्रमकतेवरच्या १९६३ च्या पुस्तकात सिक्लिडच्या जोड्यांबद्दल लिहून ठेवलं आहे की शेजारी काढून टाकले की नराचा राग शेवटी मादीवर निघतो. त्यामुळे जोडीला ‘सुखाने’ एकटं ठेवणं हाही नेहमी उपाय नसतो. आणि गप्पींची पिल्लं आवरेनाशी झालेल्या टाकीत एंजल किंवा क्रिबेन्सिस आला, तर ती समस्या आपोआप मिटते.

खरेदीच्या दिवशी घाई करू नये. आवडलेल्या माशाला खाणं टाकायला सांगावं. जो झेपावून येतो तो घ्यावा. पोट खपाटीला गेलेला, पंख मिटून हीटरजवळ उभा असलेला, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकणारा मासा कितीही सुंदर असला तरी सोडावा. शक्य असेल तर आठवड्याने पुन्हा जाऊन तोच मासा जिवंत आणि खाताना दिसला तर आणावा. घरी त्याला तीनेक आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावं. मोठ्या टाकीच्या फिल्टरमध्ये महिनाभर आधी एक जादा स्पंज टाकून ठेवला असेल तर तोच इथे लावता येतो, जिवाणू तयारच असतात. पांढरे ठिपके म्हणजे इच असला तर तो इथेच उघडा पडतो, जुन्या दहा-वीस माशांपर्यंत जात नाही.

सोडायची वेळ संध्याकाळची, दिवा मालवल्यावर. त्याआधी जुन्या माशांना पोटभर खायला घालावं आणि दगड, लाकूड, करवंट्या यांच्या जागा बदलाव्यात. जुन्यांच्या हद्दी पुसल्या गेल्या की नवा-जुना सगळेच एका पायरीवर येतात. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवावी, टाकीचं पाणी थोडं थोडं पिशवीत घालत राहावं, आणि शेवटी मासा जाळीने उचलून आत सोडावा. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. पूर्ण वाढलेल्या माशांची एका वेळी एकच जोडी. एकदम असे सहा मासे वाढले तर फिल्टरच्या जिवाणूंना झेपत नाही आणि अमोनिया चढतो.

पहिल्या रात्रीची झटापट फारशी मनावर घेऊ नये. लक्ष द्यायचं ते तिसऱ्या आठवड्यात. एखादा मासा कायम पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात उभा राहतो, खायला खाली येत नाही, शेपटीच्या कडा फाटलेल्या दिसतात, रंग उडतो: कुणीतरी दादागिरी करतंय. इथे बहुतेक जण मार खाणाऱ्याला बाहेर काढतात. त्याऐवजी मारणाऱ्याला आठवडाभर बाहेर ठेवावं आणि सजावट बदलून परत सोडावं. हद्द गेलेली असल्याने त्याचा ताठा उतरतो. दोनदा करूनही उपयोग झाला नाही तर तो मासा त्या टाकीसाठी नव्हे. दुकानदार मासा परत घेईल का, हे विकत घेतानाच विचारून ठेवलेलं असलं की इथे अडत नाही. तलावात किंवा नदीत मात्र नेऊन सोडू नये. टाक्यांतून सुटलेला सकर देशातल्या कित्येक नद्या-तलावांत ठाण मांडून बसला आहे.

आणि अंडी दिसली तर? पिल्लं वाढवायची नसतील तर काहीच करू नये. पिल्लं पोहू लागली की टेट्रा त्यांतली बरीच गट्ट करतात. वाढवायची असतील तर अंड्यांसकट पान किंवा करवंटी उचलून स्पंज फिल्टर लावलेल्या वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावी. उचलताना अंडी पाण्याबाहेर येऊ देऊ नयेत, भांड्यातूनच न्यावीत. एंजलची अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, पिल्लं पोहायला लागायला त्यानंतर आणखी चार-पाच दिवस लागतात, आणि तोवर त्यांना खायला द्यायचं नसतं. पोहू लागली की ताजा उबवलेला आर्टेमिया. नवी जोडी पहिली एक-दोन खेपेची अंडी स्वतःच खाऊन टाकते. दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा त्याच पानाशी दिसते.